शरयूताईंचा सेंट स्टीफन

कॉन्फरन्स रूमच्या टेबलावर टिश्यू पेपरचा नवा डबा दिसला की शरयूताई दारातच थांबायच्या. आत कोण बसलंय ते नंतर, आधी तो डबा. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणायच्या, "आज कोणाचं तरी आहे बरं का." आणि असायचंच. संध्याकाळपर्यंत कोणाची तरी नोकरी जाऊन एक खुर्ची रिकामी झालेली असायची आणि उरलेले लोक त्या खुर्चीकडे न बघता घरी जायला निघायचे. पार्सिपनीच्या त्या काचेच्या इमारतीत मी त्यांच्या टीममध्ये बरीच वर्षं काढली. त्यांचा असा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. काही लोक त्यांना मनकवड्या म्हणायचे, काही पनवती म्हणायचे. दुसऱ्या गटातले लोक लंचला त्यांच्या टेबलावर बसत नसत.

त्यांचं त्यांना काही नव्हतं. त्या आपल्या डब्यातला गोळाभात गरम करायच्या, त्या वासाने मायक्रोवेव्हपाशी उभा असलेला गोरा माणूस दोन पावलं मागे सरकायचा आणि त्या त्याला "सॉरी हं" असं चक्क मराठीत म्हणायच्या. नागपूर सोडून त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती, पण बोलणं तिथून हललं नव्हतं. केस रंगवायच्या नाहीत. भर उन्हाळ्यात ऑफिसात स्वेटर घालायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्यांच्या यजमानांना मनोहरकाका. हे नातं कुठल्याही घरात बसणार नाही, पण न्यू जर्सीत अशी नाती सर्रास चालतात.

आमचं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं आणि ते कुठे मोडतं ते शोधायचं. मी नवीन होतो तेव्हा त्यांनी मला एक स्क्रीन दाखवली आणि विचारलं, "कुठून पाहशील?" मी स्क्रीनच्या मधल्या मोठ्या बटनावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट उचललं आणि अगदी खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. "मधातलं सगळेच पाहतात. बनवणाऱ्याला माहीत असते की लोक इथे पाहणार, म्हणून ते चकाचक असते. भानगड कोपऱ्यात राहते." त्या कोपऱ्यात खरोखरच एक भानगड होती. मी जरा खट्टू झालो. मग त्या म्हणाल्या, "शनिवारी काय करून राहिला? चल, तुला एक चित्र दाखवते."

शनिवारी त्या एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड म्हणून उभ्या राहत. विद्यापीठाच्या आवारातलं म्युझियम, गर्दी बेताची, तळमजल्यावर थंडगार शांतता. त्यांच्या वाट्याला सगळा इटालियन विभाग होता, पण त्या एकाच चित्रापाशी रमायच्या. चित्र लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, घराच्या दाराएवढं, पाचशे वर्षांपूर्वीचं. चित्रकाराचं नाव कोणालाच ठाऊक नाही. चित्रात सेंट स्टीफन, ख्रिस्ती धर्मातला पहिला हुतात्मा. खोटे साक्षीदार उभे करून त्याला पाखंडी ठरवलं, गावाबाहेर ओढत नेलं आणि दगडांनी ठेचून मारलं. एवढी गोष्ट शेजारच्या पाटीवर लिहिलेली आहे.

"काय दिसून राहिलं?" ताईंनी विचारलं.

"एक साधू गुडघ्यांवर बसलाय आणि लोक त्याला दगड मारतायत."

"कुठे मारून राहिले? एक तरी लागला का त्याला? नीट पाह्य."

मी नीट पाहिलं. खरंच, चित्रात रक्ताचा थेंब नव्हता. एकाने हात डोक्याच्या मागे नेला होता. एक जण वाकून दगड निवडत होता. तिसऱ्याने दोन्ही हातांनी मोठा धोंडा छातीशी धरला होता. सगळे दगड हातातच होते.

"लागला असता तर संपलं असतं ना रे," त्या म्हणाल्या. "मग आपण अरेरे म्हणून पुढे गेलो असतो. याने सुटायच्या आधीचं धरून ठेवलं. पाचशे वर्षं झाली, तो हात अजून तसाच वर. मी दर शनिवारी येते तर वाटते, आज सुटला असेल."

मग त्यांनी मला चित्राच्या मध्यभागी बघायला सांगितलं. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे नुसती पिवळट, उघडी जमीन. स्टीफन उजवीकडे, बराच खाली, जवळजवळ चौकटीला टेकलेला. ज्याच्यावर चित्र काढायचं तो कडेला आणि मधली सगळ्यात चांगली जागा मोकळी. मला तो चित्रकाराचा अडाणीपणा वाटला. ताई म्हणाल्या, "वेशीपासून येणारा रस्ता पाह्य. भिंतीची रेघ पाह्य. ते उगारलेले हात पाह्य. सगळं कुठे जाऊन राहिलं?" सगळं त्या मोकळ्या जमिनीकडे जात होतं. "तो तिथे पडणार आहे," त्या म्हणाल्या, "जागा करून ठेवली त्याने."

माझ्या अंगावर काटा आला. नंतर मी अनेक पाहुण्यांना तिथे घेऊन गेलो आणि प्रत्येकाच्या अंगावर याच ठिकाणी काटा आलेला पाहिला.

आणखी एक गोष्ट त्या दाखवायच्या. मागे लांबवर, गावाच्या वेशीत, स्टीफनसारखाच लाल झगा घातलेल्या एका इवल्याशा माणसाला लोक ओढत होते. त्याच्याही मागे एका खिडकीत तोच लाल झगा न्यायाधीशांसमोर उभा होता. एकाच चित्रात स्टीफन तीन वेळा. खिडकीतून वेशीत, वेशीतून इथे. "पाह्य, खिडकीत तो किती हुशारीनं बोलून राहिला. त्याला वाटून राहिलं, बोलून सुटू. त्याला आपल्यासारखं पुढचं चित्र दिसत नाही ना."

आणि सगळ्यात शेवटी डावा कोपरा. दगड मारायला हात मोकळे हवेत म्हणून मारणाऱ्यांनी अंगरखे काढून ठेवले होते, आणि त्या ढिगाशी एक तरुण बसला होता. त्याच्या हातात दगड नव्हता. तो कोणाला शिव्या देत नव्हता. तो कपड्यांची नीट घडी घालत होता. ताई म्हणायच्या की चित्रकाराने सगळ्यात जास्त मेहनत याच्यावर घेतली आहे, कापडाची एकेक चुणी बघा. "हा पुढे मोठा संत झाला म्हणतात. पण ते दुसऱ्या चित्रात. या चित्रात तो कपडेच सांभाळून राहिला."

आमच्या टीममधल्या समीरचे आईवडील पुण्याहून आले होते, तेव्हा तोही त्यांना आणि बायकोला घेऊन गेला होता. मी बरोबर होतो. वडिलांनी पाटी मोठ्याने वाचली, घड्याळ पाहिलं आणि "दागिने वगैरे आहेत का कुठे?" असं विचारलं. आईंनी मात्र पदर तोंडाला लावला. "अगंबाई, सूनबाईला दिवस गेलेत आणि तुम्ही हे काय दाखवताय?" ताई नुसत्या बाजूला झाल्या. थोड्या वेळाने पाहिलं तर आई चित्राला नाक लावून उभ्या. त्या दगड निवडणाऱ्याकडे बघत होत्या. "हा मेला बघा, आंबे निवडल्यासारखा निवडतोय. घरी बायको वाट बघत असेल याची, जेवायला." ताईंचा चेहरा एकदम फुलला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पाहिलं? शिकलेल्यांना सांगावं लागते. या बाईनं चित्राच्या बाहेरचं घर पाहून घेतलं."

ऑफिसातही त्यांचं हेच चालायचं. व्हिडिओवर सगळ्या कंपनीची मोठी मीटिंग असली की बोलणाऱ्याकडे त्या बघतच नसत. कडेच्या चौकटी बघायच्या. कोणाचा कॅमेरा आज बंद आहे, कोण खाली बघतंय, कोण कधी नव्हे ते टाय लावून आलंय. "एचआरची ती बाई आज लिहून नाही घेऊन राहिली," एकदा त्या म्हणाल्या. "म्हणजे तिला सगळं आधीच माहीत आहे." दोन आठवड्यांनी वरचा अख्खा मजला रिकामा झाला.

म्हणून त्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी त्यांनी असे अंदाज सांगणं बंद केलं तेव्हा आम्ही घाबरलो. आम्ही चौघं होतो: ताई, समीर, प्रीती आणि मी. चाराचे तीन होणार अशी कुजबुज होती. ताईंना त्या कुजबुजीची गरज नव्हती. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "ग्रेग आपली नावं नीट घ्यायला लागला. लक्ष दिलं का?" ग्रेग आमचा डायरेक्टर. इतकी वर्षं तो मला भलत्याच नावाने हाक मारायचा आणि मी ओ द्यायचो. आता तो एकेक अक्षर जपून उच्चारत होता. सकाळी डोनट आणत होता. समीरला त्याने बाळाचा फोटो मागितला.

अशा वेळी नाव कोण देतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. टीमच्या लीडला आत बोलावतात आणि विचारतात, तुझ्या मते कोण? लीड ताई होत्या. आम्ही तिघं व्हिसावर. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाही तर बाडबिस्तरा गुंडाळायचा. समीरचं बाळ तान्हं होतं. प्रीतीची ग्रीन कार्डाची फाइल अर्ध्यावर होती, आता नोकरी सुटली असती तर सगळं पहिल्यापासून. मी सडाफटिंग.

ताई स्वतः सिटिझन होत्या, त्यांना व्हिसाची भीती नव्हती. त्यांच्या घरात दुसरी भीती होती. मनोहरकाकांना रक्ताचा कॅन्सर होता. रोज एक गोळी घेतली की तो ताब्यात राहायचा, आणि ती गोळी ताईंच्या नोकरीच्या इन्शुरन्सवर मिळायची. काकांची कंपनी केव्हाच बुडाली होती. सरकारी इन्शुरन्सच्या वयाला अजून अवकाश होता. मुलगी रेवा दूर वाळवंटातल्या चँडलरला चिपच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती, पण तिच्या इन्शुरन्सवर आईवडील चालत नाहीत. आणि इन्शुरन्सशिवाय ती गोळी घ्यायची म्हणजे घर विकून खायला बसण्यासारखं होतं.

पुढे जे झालं ते सांगताना मला हसू येतं आणि लाजही वाटते. आम्ही तिघंही अचानक ताईंशी फार गोड वागायला लागलो. प्रीती त्यांच्यासाठी पुरणपोळ्या घेऊन आली. समीर म्हणाला, "ताई, काकांना हॉस्पिटलला मी ड्राइव्ह करतो ना, तुम्ही सुट्टी कशाला घेता?" मी त्यांच्या गाडीवरचा बर्फ खरवडून ठेवू लागलो. लंचला तिघंही आपापला डबा त्यांच्यापुढे सरकवायचो. एकमेकांशी मात्र आम्ही कामापुरतं बोलत होतो. एक दिवस ताईंनी समोरचे तीन डबे बंद केले आणि म्हणाल्या, "तुम्ही तिघं मला खाऊ घालून राहिले आणि माझ्या तोंडात घास फिरून राहिला. बंद करा यार हे." मग उठून गेल्या. आम्ही आपापले डबे उचलले.

त्या आठवड्यातल्या शनिवारी पिस्कॅटवेच्या मराठी शाळेची मुलं म्युझियममध्ये येणार होती, म्हणून ताईंनी मला मदतीला बोलावलं. मुलांना गोष्ट इंग्रजीत सांगायची, त्यात अधूनमधून 'दगड', 'वेस' असे शब्द पेरायचे, अशी त्यांची पद्धत. खिडकी झाली, वेस झाली, मोकळी जमीन झाली. मुलं चक्क ऐकत होती. डाव्या कोपऱ्याशी आल्यावर दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने हात वर केला.

"बट आंटी, ही इजन्ट डूइंग एनीथिंग. व्हाय डजन्ट ही जस्ट गो होम?"

ताईंकडे या प्रश्नाला उत्तर असायचं. मी ते अनेकदा ऐकलं होतं. कपडे कोणाला तरी सांभाळावे लागतात, हा उठला तर दुसरा बसेल, असं काहीसं. त्या दिवशी मुलगी हात वर ठेवून उभी होती. ताई चित्राकडे पाठ करून म्हणाल्या, "चला, आता खाऊ खाऊ या." पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला विचारलं, "तुझं घरचं काय रे? लग्नाबिग्नाचं काही?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मान हलवली. मला तेव्हा त्या प्रश्नात माया दिसली.

सोमवारी सकाळी ग्रेगने त्यांना बोलावलं. टेबलावर टिश्यूचा डबा होता, मी काचेतून पाहिला. या वेळी त्या दारात थांबल्या नाहीत. सरळ आत गेल्या. आम्ही तिघंही कीबोर्डवर काहीबाही बडवत होतो. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, पर्स उचलली आणि लिफ्टकडे गेल्या. चेहरा तांबडालाल. आम्हाला वाटलं, कॉफी आणायला चालल्या.

त्या परत आल्याच नाहीत. दुपारी ग्रेगची मेल आली की शरयू आता आपल्यासोबत नसेल, तिला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. समीरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्रीती रेस्टरूममध्ये जाऊन रडून आली. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हायसं वाटलं. मग फार वाईट वाटलं. मग संध्याकाळी घरी जाताना पुन्हा हायसं वाटलं. माणूस असाच असतो की मीच असा आहे, मला सांगता येणार नाही.

आम्ही तर्क केले. ग्रेगने त्यांना नुसतं विचारल्याचं नाटक केलं असेल. सगळ्यात जास्त पगार त्यांचा, म्हणून वरूनच ठरलं असेल. समीरला तर वाटत होतं की दुसऱ्या टीममधल्या कोणीतरी घात केला. तेव्हा आम्हा तिघांना नोकरी राहिल्याचा अपराधी आनंद होता, आणि कोणाला तरी दोष दिला की तो जरा हलका व्हायचा.

काही महिने त्यांनी नोकरी शोधली. साठीला टेकलेल्या टेस्टरला कोण घेतंय? शेवटी त्यांनी आणि काकांनी नागपूरला परत जायचं ठरवलं. त्याच औषधाची देशी गोळी तिकडे मिळते, ती परवडते. घर विकलं. पंचवीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायला लागला. रेवा फोनवर रडत होती, "आई, धिस इज इन्सेन, कम लिव्ह विथ मी," आणि ताई तिला तिकडच्या उन्हाबद्दल काहीतरी सांगत होत्या.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला कुकर न्यायला बोलावलं. किचनच्या ओट्यावर स्टीलचे डबे मांडले होते. त्या एकेक डबा कागदात गुंडाळत होत्या. मी खोक्याला टेप लावत होतो. बाहेरच्या खोलीत काका टीव्ही बघत होते.

"मी तुझं नाव सांगणार होते," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"ग्रेगला. ठरवूनच गेले होते. समीरचं लेकरू तान्हं, प्रीतीचं सगळं मधातच अडकलेलं. तू एकटा. दोन महिन्यांत तुला कुठेही नोकरी भेटली असती. गाडीत तुझं नाव दोनदा म्हणून पाहिलं."

"मग?"

"मग मी बसले तर तो हसून म्हणाला, थँक यू शरयू, यू आर मेकिंग धिस सो ईझी फॉर मी. मी अजून तोंड पण उघडलं नव्हतं रे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, देन राइट माय नेम. त्याने लिहिलं." त्यांनी पुढचा डबा घेतला. "त्यागबिग काही नाही, तसं कोणाला सांगू नको. रागात बोलून गेले. खाली गाडीपाशी गेल्यावर मला ह्यांची गोळी आठवली."

माझ्या हातात टेपचं रीळ तसंच होतं. मी म्हणालो, "ताई, वर जाऊन सांगायचं ना त्याला. बोललेलं परत घेते म्हणायचं."

"गेले होते ना. धावत गेले. दाराला बॅज लावला तर ते उघडलं नाही. तो गार्ड रोज मला गुड मॉर्निंग म्हणायचा. तो म्हणे, मॅम, प्लीज."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिथून पळूनही जावंसं वाटलं. दोन्हींपैकी काही केलं नाही. "काकांना माहीत आहे?" मी विचारलं.

"काढलं म्हणून सांगितलं. काढलंच ना."

तेवढ्यात काका आत आले. फार बारीक झाले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आत होतास, तुला माहीत असेल. हिचं नाव कोणी दिलं रे? माझ्या डोक्यातून जात नाही. हिने कधी कोणाचं वाकडं केलं नाही."

ताई माझ्याकडे बघत होत्या. हातातला डबा कागदात अर्धा गुंडाळलेला होता.

"माहीत नाही, काका," मी म्हणालो.

"ज्याने कोणी दिलं ना, त्याचं कधी भलं होणार नाही. त्याच्या घरात कोणी आजारी पडेल तेव्हा त्याला कळेल."

"असं बोलू नये हो," ताई म्हणाल्या. त्यांनी खिडकीतल्या बाटलीतून एक गोळी काढून काकांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. काकांनी मान मागे टाकून गोळी घेतली. ती घशाखाली उतरेपर्यंत ताई त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या.